आईचा प्रश्न आणि बाबांचा गिअर

बंगळुरू,
रविवार, रात्री

तीर्थरूप बाबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दिवाळीहून परतल्याला आता दीड महिना होत आला. फोनवर आपण रोज बोलतो, परंतु ते बोलणे ‘जेवलीस का’ आणि ‘गोळ्या घेतल्या का’ यांच्या पलीकडे फारसे सरकत नाही. मला जे सांगायचे आहे ते सलग सांगायचे आहे, म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. विषय ऐकून तुम्ही हसाल, कारण विषय सिनेमाचा आहे, आणि तोही तुम्ही ज्याला ‘आदळआपट’ म्हणता त्या सिनेमाचा.

भाऊबीजेच्या रात्री दादाच्या मुलांनी सुपरमॅनचा २०१३ सालचा ‘मॅन ऑफ स्टील’ लावला होता, ते तुम्हाला आठवत असेल. शेवटच्या अर्ध्या तासात तो आणि खलनायक जनरल झॉड एकमेकांना इमारतींमधून आरपार फेकू लागले, तेव्हा आई, तू मेथी निवडता निवडता विचारलेस, “त्या बिल्डिंगींत माणसं असतील ना गं? त्यांचं काय झालं?” बाबा, तुम्ही वर्तमानपत्र खाली न घेताच म्हणालात, “आणि ह्याला एवढ्या उंचावरून आपटलं तरी साधं खरचटत नाही.” मी चिडून म्हणाले, “अहो, सिनेमा आहे तो.” त्यावर तुम्ही दोघेही गप्प बसलात, आणि ते गप्प बसणे मला गाडीत बसेपर्यंत टोचत राहिले. त्यानंतर इथे शनिवार-रविवारी जे नवे-जुने मारधाडीचे चित्रपट पाहिले, ते तुमचे हे दोन प्रश्न समोर ठेवूनच पाहिले. ज्या चित्रपटाला या प्रश्नांचे भान आहे तो मला आवडला आणि ज्याला नाही तो अर्ध्यातच कंटाळवाणा झाला, हे मला प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

आई, तुझा प्रश्न पुढे त्या चित्रपट बनवणाऱ्यांनाही चुकवता आला नाही. ‘मॅन ऑफ स्टील’मधील विध्वंसावर खूप टीका झाली, आणि २०१६ साली त्याच दिग्दर्शकाने, झॅक स्नायडरने, पुढच्या चित्रपटाच्या सुरुवातीलाच तो विध्वंस पुन्हा दाखवला, फरक इतकाच की या वेळी कॅमेरा आकाशात नसून रस्त्यावर होता. ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅन, धुळीच्या लोटातून आपल्या कंपनीच्या कोसळलेल्या इमारतीकडे धावतो. तिथे एक लहान मुलगी एकटी सापडते. तो तिला विचारतो, तुझी आई कुठे आहे? ती काही बोलत नाही, फक्त बोट वर करते, आणि तिकडे इमारतीचा उरलेला सांगाडा असतो. बाकीचा चित्रपट फारच रखडलेला आहे, पण ही सुरुवातीची काही मिनिटे तुझ्या प्रश्नासाठीच चित्रित केल्यासारखी वाटतात.

त्याच वर्षी मार्व्हलच्या ‘सिव्हिल वॉर’मध्ये एक बाई टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, याच्यासमोर उभी राहते आणि आपल्या मुलाचा फोटो त्याच्या छातीशी दाबते, तो मुलगा या वीरांच्या एका लढाईत ढिगाऱ्याखाली सापडून गेलेला असतो. मग ११७ देश मिळून या लोकांना लगाम घालणारा करार करतात, आणि वीरांमध्येच त्यावरून दोन तट पडतात. मला मात्र सर्वांत आवडली ती २०१७ च्या ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’ची सुरुवात. न्यूयॉर्कमधील मोठी लढाई संपलेली आहे, आणि ढिगारा उपसण्याचा ठेका एका साध्या कंत्राटदाराला मिळालेला आहे. त्याने त्यासाठी नवे ट्रक घेतले आहेत, माणसे लावली आहेत. इतक्यात सरकारी खाते येते, त्याच्याकडून काम काढून घेते आणि त्याला घरी पाठवते. हाच माणूस पुढे खलनायक होतो. बाबा, आपल्या गल्लीतल्या बांधकाम ठेकेदाराची बिले अडकली तेव्हा तो रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन तुमच्याशी जे बोलत असे, ते मला हा प्रसंग पाहताना शब्दशः आठवले. मायकेल कीटनने ही भूमिका अशी केली आहे की त्याचा राग आपल्यालाही पटतो, आणि म्हणूनच त्याच्याशी होणाऱ्या मारामारीला वजन येते.

२०२५ च्या जुलैमध्ये आलेला नवा ‘सुपरमॅन’ मी उशिरा, घरीच पाहिला. जेम्स गनने तो दिग्दर्शित केला आहे आणि डेव्हिड कोरेन्स्वेट नावाचा तरुण नट त्यात आहे. बाबा, तुमच्या ‘खरचटत नाही’ला इथे पहिल्याच दृश्यात उत्तर आहे. तो आकाशातून बर्फात आदळतो, तोंडातून रक्त येते, हाडे मोडलेली असतात, उठता येत नाही, आणि मग तो शीळ घालून आपल्या कुत्र्याला बोलावतो. कुत्रा येतो तो आधी त्याच्याच अंगावर उड्या मारून त्याला आणखी दुखवतो. हा कुत्रा पूर्ण चित्रपटात अतिशय द्वाड आहे आणि दादाच्या मुलांना तो सुपरमॅनपेक्षा जास्त आवडेल. पुढे एका अवाढव्य प्राण्याशी झुंज चालू असताना सुपरमॅन एका खारीला वाचवतो. थिएटरांत या खारीवर लोक हसले असे ऐकले. मला ते हसण्यासारखे वाटले नाही, कारण आई, तुझ्या प्रश्नाचे इतके थेट उत्तर दुसऱ्या कुणी दिलेले मी पाहिलेले नाही. शेवटी मोठी पडझड होते तेव्हा शहर आधीच रिकामे केलेले असते. ही थोडी सोयीची युक्ती आहे हे मान्य, पण निदान दिग्दर्शकाला तुझी आठवण होती. या चित्रपटात त्याचे कॅन्ससमधले, त्याला वाढवणारे आईवडील फोनवर त्याच्याशी बोलतात तेव्हा दोघे एकदम आणि मोठ्याने बोलतात. ते पाहताना माझ्या डोळ्यांसमोर कोण आले, हे लिहायची गरज नाही.

बाबा, तुमचा प्रश्न मुख्यतः अंगमेहनतीचा आहे, असे मला नंतर लक्षात आले. मार किती जोराचा बसला यापेक्षा मारणाऱ्याचा आणि खाणाऱ्याचा देह त्यात खरोखर गुंतला आहे का, हे तुम्ही बघता. ‘मिशन: इम्पॉसिबल’च्या २०२५ मधील भागात टॉम क्रूझ उडत्या विमानाच्या पंखाला लोंबकळतो, आणि ते त्याने खरोखरच केले आहे. वाऱ्याने त्याच्या गालांचे कातडे मागे ओढले जाते, तोंड वेडेवाकडे होते, आणि तो देखणा नट काही क्षण अगदी दीनवाणा दिसतो. त्याचा जन्म १९६२ चा, म्हणजे तुमच्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान. हे मी केवळ माहितीसाठी लिहीत आहे. गच्चीवरच्या टाकीच्या शिडीवर चढण्याचे समर्थन म्हणून त्याचा उपयोग करू नये, ही विनंती. चित्रपटाचा पहिला तास मात्र निव्वळ समजावून सांगण्यात जातो आणि तो तुम्ही झोपेत घालवलात तरी काही बिघडणार नाही.

हिंदीतला ‘किल’ हा २०२४ साली आलेला चित्रपट मी पाहिला, पण तो आईने पाहू नये. दिल्लीला निघालेल्या रेल्वेगाडीत दरोडेखोर शिरतात आणि एक लष्करी कमांडो त्यांच्याशी लढतो, एवढीच गोष्ट आहे. डब्यातली वाट इतकी अरुंद आहे की हात पूर्ण मागे नेऊन ठोसा मारताच येत नाही, त्यामुळे प्रत्येक वार कोपराने, गुडघ्याने, हाताला लागेल त्या वस्तूने होतो. पडद्यावर चित्रपटाचे नाव येते ते जवळजवळ निम्मा चित्रपट झाल्यावर, आणि तिथून पुढे नायकाला कसलीच मर्यादा राहत नाही. पण मला सुन्न केले ते निराळ्या गोष्टीने. हे दरोडेखोर एकाच कुटुंबगोताचे आहेत; कोणी कोणाचा काका आहे, कोणी भाऊ, कोणी मुलगा. नायक एकाला मारतो तेव्हा दुसरा खाली बसून हंबरडा फोडतो. इतर चित्रपटांत गुंड पडतात ते भुसा भरलेल्या पोत्यांसारखे. इथे प्रत्येक प्रेताला एक रडणारा माणूस आहे. असा चित्रपट करमणूक म्हणून पाहावा की नाही, याबद्दल माझे मत अजून पक्के झालेले नाही.

आता एक दृश्य खास तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवले आहे. २०२१ च्या ‘शांग-ची’मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारांवर जोडबस चालली आहे, आत मारामारी सुरू होते, ड्रायव्हर बेशुद्ध पडतो, ब्रेक निकामी होतात आणि नायकाची मैत्रीण धावत जाऊन स्टिअरिंग धरते. ती ते धरू शकते, कारण ती आणि नायक दोघेही हॉटेलात पाहुण्यांच्या गाड्या लावण्याचे काम करतात, आणि हे आपल्याला आधीच दाखवलेले असते. नायक बसमधल्या दांड्यांना लोंबकळतो, अंगातले जाकीट काढून त्याचाच दोरीसारखा वापर करतो. बस कुठे वळते, कोण कोणत्या बाजूला फेकला जातो, हे सगळे स्वच्छ कळते. या मारामारीची आखणी करणारा ब्रॅड अॅलन जॅकी चॅनच्या पथकात तयार झालेला होता आणि चित्रपट येण्याच्या महिनाभर आधी वारला. चित्रपट त्यालाच अर्पण केला आहे. मी हे दृश्य पाहत असताना कुंभार्ली घाट आठवत होते. कराडहून चिपळूणला गाडी घेऊन जाताना तुम्ही मला इंजिनाच्या बॉनेटशेजारी बसवत होतात आणि “ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचं, ब्रेकवर जीव टाकायचा नाही” हे वाक्य प्रत्येक फेरीला ऐकवत होतात. त्या मुलीला गिअरचे कोणीच काही सांगितलेले दिसत नाही. शिवाय हल्लीच्या हवेच्या ब्रेकच्या गाडीत हवा गेली तर चाके जखडतात, गाडी सुटत नाही, हे तुम्ही म्हणणार आहात, तेही मला ठाऊक आहे.

आई, तुझ्यासाठी मात्र ‘मिन्नल मुरली’. हा मल्याळम चित्रपट डिसेंबर २०२१ मध्ये आला तेव्हा मी तो वरवर पाहिला होता. आता पुन्हा नीट पाहिला. केरळमधल्या एका लहान गावातल्या दोन माणसांवर एकाच रात्री वीज पडते. ‘मिन्नल’ म्हणजे वीज. एक जण शिंपी आहे, त्याला अमेरिकेला जायचे आहे. दुसरा चहाच्या टपरीवर काम करतो आणि गाव त्याला वेडा समजते. दोघांनाही सारखीच शक्ती मिळते. शिंपी पहिल्यांदा बाहेर पडतो तो तोंडाला चक्क फडके गुंडाळून. तू खिडकीजवळच्या मशिनवर बसून, तोंडात टाचण्या धरून, ‘बाही जरा तंगच आहे’ म्हणतेस, त्याच दुनियेतला हा माणूस आहे. पण चित्रपट खरा आहे तो दुसऱ्याचा, शिबूचा. त्याने एका बाईची २८ वर्षे वाट पाहिलेली असते. तिच्या मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवे असतात म्हणून तो बँक लुटतो, आणि तिथून घसरत जातो. गुरु सोमसुंदरम या नटाने तिच्यासमोर उभे राहताना जे हसू चेहऱ्यावर आणले आहे, ते आठवले की अजून पोटात कालवते. गावाने या माणसाला एकदा जरी ओट्यावर बसवून चहा पाजला असता, तर पुढचे काहीच घडले नसते, असे सतत वाटत राहते.

‘लोका’ हा मल्याळममधलाच नवा चित्रपट मी दिवाळीच्या आधीच, ऑगस्टअखेरीस, इथल्या थिएटरात पाहिला होता. त्याची गोष्ट बंगळुरूतच घडते, त्यामुळे थिएटरात आपलेच रस्ते पडद्यावर पाहणाऱ्यांची गडबड होती. केरळच्या लोककथांत नीली नावाची यक्षी आहे, वाटसरूंना भुलवून त्यांचे रक्त पिणारी. आपल्याकडे हडळीच्या गोष्टी सांगतात तशी. चित्रपटाने तिलाच नायिका केले आहे. ती शतकानुशतके जगते आहे आणि आता एका कॅफेत रात्रपाळी करते. हडळ म्हणून जिची भीती घातली जाते तिच्यावर मुळात कोणी काय अन्याय केला, हे विचारणारा चित्रपट सुमारे ३० कोटींत बनतो आणि ३०० कोटींच्या वर कमाई करतो, याचा मला फार आनंद झाला. उत्तरार्धात पुढच्या भागांची पेरणी करण्याच्या नादात तो थोडा विस्कटतो.

‘फँटॅस्टिक फोर’बद्दल दोनच वाक्ये लिहिते. त्यात एक बाई अंतराळयानात, पाठलाग चालू असताना, बाळंत होते, आणि पुढे सारे जग तिला म्हणते की हे मूल देऊन टाक म्हणजे आम्ही वाचू. तेवढ्यापुरता तो आईला आवडेल. बाकीचा मी विसरलेही.

संक्रांतीला मी चार दिवस येत आहे. मोठ्या टीव्हीला इंटरनेटची वायर दादाने मागून लावलेली आहे, ती कृपया कोणी झाडताना काढू नये. पहिल्या रात्री ‘मिन्नल मुरली’ लावू. आई, तू मशिनचे काम घेऊन बसलीस तरी चालेल, मी भाषांतर सांगत जाईन. दुसऱ्या रात्री बाबांना ती बस दाखवायची आहे. बाबा, वाटल्यास मध्येच थांबवून त्या मुलीने कोणता गिअर टाकायला हवा होता ते सांगा. या वेळी मी ‘सिनेमा आहे तो’ असे म्हणणार नाही.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
धाकटी