ऊस वाहतूक करणाऱ्या चालकांची झोपही तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हंगाम तोंडावर आला की चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी भागात ट्रॅक्टरचे दिवे, रिफ्लेक्टर, कागदपत्रे यांची चर्चा सुरू होते. चालकाच्या झोपेचा विषय मात्र कुठेच निघत नाही. यार्डात रात्रभर नंबर लावून पहाटे रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परतणाऱ्याला डुलकी लागली, तर दोष जागरणाला नाही तर दारूला दिला जातो. पुष्कळदा तो बरोबरही असतो. पण सुट्टीच्या दिवशी सात-आठ तास झोपूनही ज्याचे डोळे मिटतात आणि ज्याच्या घोरण्याने घरचे वैतागलेत, त्याला स्लीप ॲप्निया असू शकतो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासमार्ग मिटतो, रक्तातला प्राणवायू उतरतो. मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास ओढतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही, म्हणून माहिती बायकोला विचारावी. तिने सांगितलेले ‘घोरता घोरता एकदम गप्प होतात’ हे वाक्य मोलाचे.

या आजाराची आजची ओळख घडवण्यात मार्सेयला जन्मलेले न्यूरॉलॉजिस्ट ख्रिस्तियाँ गिलमिनो यांचा वाटा फार मोठा आहे. १९७२ मध्ये ते अमेरिकेत स्टॅनफर्डला आले. पुढच्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांसह निद्रानाश आणि श्वास थांबणे यांचा संबंध मांडला. १९७६ मध्ये आठ लहान मुलांतही हाच आजार दाखवला आणि १९९३ मध्ये असे रुग्ण वर्णिले, ज्यांचा श्वास पूर्ण थांबत नाही, पण तो ओढण्याच्या धडपडीतच झोप मोडते. यातले बरेच जण लठ्ठ नव्हते. आपल्याकडे नेमकी इथेच चूक होते. चालक काटक दिसला की कोणी संशय घेत नाही. आखूड, मागे सरकलेला जबडा किंवा मोठे टॉन्सिल असतील, तर सडपातळ माणसालाही हा त्रास होतो.

तपासणीत श्वास किमान दहा सेकंद थांबला किंवा ठरावीक प्रमाणात मंदावला, की एक घटना धरतात. तासाला पाचपासून पुढे सौम्य, पंधरापासून मध्यम, तीस आणि त्यापुढे तीव्र. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशात मध्यम किंवा तीव्र आजाराचा संशय असलेल्या चालकाला परवान्याआधी वैद्यकीय सल्ल्यासाठी पाठवणे बंधनकारक केले. आपल्या कारखान्यांनी वाहतूक करार करताना निदान घोरणे, दिवसाची झोप, रक्तदाब आणि मानेचा घेर (चाळीस सेंटिमीटरच्या वर का) एवढे विचारले, तर त्याला खर्च एका टेपचा.

आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. घरी लावायच्या बहुतेक छोट्या यंत्रांत मेंदूच्या लहरी नोंदत नाहीत, त्यामुळे माणूस जागा पडून होता की झोपला होता हे कळत नाही. समजा, १०८ घटना झाल्या. आठ तासांच्या नोंदीने भागले तर १३.५, म्हणजे सौम्य. प्रत्यक्ष झोप सहाच तास असेल तर १८, म्हणजे मध्यम. लक्षणे असूनही घरची तपासणी नॉर्मल आली, तर दवाखान्यात रात्रभराची करावीच.

तिथे जाताना डोके शाम्पूने धुऊन जावे, खोबरेल लावू नये. तेलावर इलेक्ट्रोड धरत नाहीत, मध्यरात्री सुटतात आणि नोंद वाया जाते. बोटाला नखपॉलिश नको. धारा काढायच्या म्हणून चारला उठून निघू नये. स्वप्नांची झोप पहाटे जास्त असते, त्या झोपेत स्नायू सर्वांत सैल असतात आणि श्वास सर्वाधिक अडतो. तेवढे दोन तास गेले तर तीव्र आजारही सौम्य दिसू शकतो.

उपचारही सोपा आहे, पण लक्ष मागतो. पूर्वी तीव्र रुग्णाला गळ्याला छिद्र पाडण्याखेरीज फारसा इलाज नव्हता. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबाची हवा सोडून श्वासमार्ग उघडा ठेवण्याचे यंत्र, म्हणजे सीपॅप, पुढे आणले. लोक ते महिन्याभरात कपाटात टाकतात ते बहुधा मास्कमुळे. माप चुकलेले असते, दाढी-मिशीतून हवा निसटते, किंवा तोंड उघडे राहते. डिसेंबरच्या थंडीत नळीत पाणी साचून गुडगुडते. आर्द्रता कमी करावी, नळी पांघरुणाखाली घ्यावी. टाकीत डिस्टिल्ड पाणीच घालावे, बोअरच्या पाण्याने क्षार धरतात. विजेचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टर लागेलच, आणि त्यावर चालवताना पाण्याचा हीटर बंद ठेवला की बॅटरी जास्त टिकते. झोपेची गोळी आणि रात्रीची दारू दोन्ही स्नायू आणखी सैल करतात. ‘झोप लागत नाही’ म्हणून दुकानातून गोळी आणणे तर उलटेच पडते.

नात्यातल्या कोणाचे जुने यंत्र आणून लावण्याची पद्धत वाढते आहे. त्यातला दाब त्या माणसाच्या घशाचा असतो. चार ते वीस सेंटिमीटर पाण्याच्या दाबातला आपला आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा, मास्क आणि नळी नवी घ्यावी, मगच ते चालू करावे.

आपला,
एक निद्रातपासणी तंत्रज्ञ
टिळकवाडी, बेळगाव