एमेलीन वेल्स यांना वगळू नका

रविवारच्या पुरवणीतील स्त्री-मताधिकारावरील लेखात अमेरिकेची हकिगत थेट स्त्रियांना देशभर मताधिकार देणाऱ्या १९२० च्या घटनादुरुस्तीपासून सुरू होते, हे खटकले. अमेरिकेच्या पश्चिमेकडील युटा प्रांतातील स्त्रियांना मताधिकार १८७० मध्येच मिळाला होता आणि त्याच वर्षी त्यांनी मतदानही केले. तिथे बहुसंख्य असलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथात तेव्हा बहुपत्नीत्वाची प्रथा होती; १८८७ मध्ये अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) बहुपत्नीत्वविरोधी कायद्याद्वारे तो अधिकार काढून घेतला. मॉर्मन असोत वा नसोत, तिथल्या सगळ्याच स्त्रियांचा. १८९६ मध्ये युटा राज्य झाले तेव्हा तो परत मिळाला.

या लढ्यात अखंड उभ्या राहिल्या त्या मॉर्मन नेत्या एमेलीन वेल्स. १८७७ पासून १९१४ पर्यंत त्यांनी 'वुमन्स एक्स्पोनंट' हे स्त्रियांचे नियतकालिक चालवले. त्या बहुपत्नीक कुटुंबातल्या होत्या आणि त्या प्रथेचे समर्थनही करीत. ती प्रथा मला मुळीच मान्य नाही. पण तेवढ्यावरून त्यांचे काम झाकणे अन्यायाचे आहे. १८७६ मध्ये मॉर्मन चर्चच्या धान्यसाठ्याची जबाबदारी त्यांच्यावर आली, तेव्हा बायकांनी शेतातला सरवा वेचूनसुद्धा कोठारे भरली. १९१८ मध्ये, महायुद्धाच्या काळात, त्यातला दोन लाख बुशेलहून (बुशेल हे धान्याचे माप) अधिक गहू अमेरिकी सरकारने विकत घेतला. तेव्हा नव्वदीत असलेल्या वेल्स चर्चच्या 'रिलीफ सोसायटी' या स्त्रीसंघटनेच्या अध्यक्ष होत्या. हे पद त्यांना वयाच्या ८२ व्या वर्षी मिळाले होते. १९२० ची दुरुस्ती पाहून, एप्रिल १९२१ मध्ये त्या वारल्या.

लेखकाने या विषयावर पुन्हा लिहिल्यास युटाची नोंद जरूर घ्यावी.

– एक वाचक, सातारा