कोचिंगचा करार पहिल्या सेशनआधी कागदावर हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोचिंग म्हटले की अजूनही अनेकांच्या डोळ्यांसमोर शिकवणीचे वर्ग येतात. आम्ही लिहितो आहोत ते वैयक्तिक कोचबद्दल. नोकरी बदलावी का, हाताखालची माणसे कशी सांभाळावी, टाळाटाळीची सवय कशी मोडावी, अशा प्रश्नांवर क्लायंटशी समोरासमोर काम करणारा हा व्यावसायिक. या पेशाला बहुतेक देशांत सरकारी परवाना लागत नाही. पाटी कोणीही लावू शकतो. म्हणून क्लायंटचा खरा आधार म्हणजे सुरुवातीचा लेखी करार, आणि नेमका तोच ‘नंतर बघू’ म्हणत राहून जातो.

१९९५ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची आचारसंहिता करार, गोपनीयता, हितसंबंध यांबाबत स्पष्ट आहे. क्लायंटशी प्रेमसंबंध वा शरीरसंबंध तिने निषिद्ध मानले आहेत. या संस्थेच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्राला किमान ६० तास प्रशिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग लागते, दुसऱ्या पायरीला १२५ आणि ५००, तिसऱ्या पायरीला २०० आणि २,५००. आपला कोच यांत कुठे बसतो, हे क्लायंटने बेधडक विचारावे. विचारल्याचा राग येणारा कोच नकोच.

वेळ आणि पैशाची कलमे सोपी, पण मोघम लिहिली तर तीच टोचतात. सेशन ६० मिनिटांचे असेल आणि क्लायंट २० मिनिटे उशिरा आला, तर उरतात ४०. ठरलेली वेळ पुढे सरकत नाही. कोचलाच उशीर झाला, तर तेवढी मिनिटे तो भरून देतो. सेशन रद्द करायचे तर २४ तास आधी कळवायचे, नाहीतर पूर्ण फी. आणि ऐनवेळी कोचने रद्द केले, तर पुढचे सेशन विनामूल्य. ही दुसरी बाजू फार थोड्या करारांत सापडते. आगाऊ भरलेल्या १० सेशनपैकी ४ झाल्यावर क्लायंटला थांबायचे असेल, तर उरलेल्या ६ सेशनचे पैसे परत मिळणार की नाही, किती दिवसांत, हेही लिहिलेले हवे.

आता गोपनीयता. ‘सगळे गुप्त राहील’ हे वाक्य कोचने उच्चारूच नये, कारण ते खरे नसते. कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कायद्याने माहिती मागितली, तर कोचला बोलावे लागते. वकिलाला अशिलाच्या बाबतीत जे कायदेशीर संरक्षण असते, ते कोचला सहसा नसते. न्यायालय त्याच्या टिपणांची वही मागवू शकते. म्हणून टिपणे मोजकीच असावीत: तारीख, ठरलेले काम, पुढचा प्रश्न. क्लायंटच्या वहिनीने काय केले, हे त्यात कशाला? सेशन रेकॉर्ड करायचे तर दर वेळी विचारून. कोच स्वतःच्या मार्गदर्शकाशी नाव न घेता चर्चा करणार असेल, तर तेही आधी सांगावे. ऑनलाइन सेशनमध्ये दोन्ही टोकांना खोलीत दुसरे कोणी नाही ना, हे सुरुवातीलाच विचारून घ्यावे.

सर्वांत जास्त घोळ होतो तो फी कंपनी भरते तेव्हा. बसतात दोघे, पण करार तिघांचा असतो. कंपनीला वाटते आपण पैसे मोजतो, मग अहवाल मिळायलाच हवा. कर्मचाऱ्याला वाटते हा माणूस साहेबांचा कान आहे. मग तो सेशनमध्ये गोड गोड बोलतो आणि सहा महिने वाया जातात. यावर उपाय एकच. कंपनीला काय कळेल याची यादी तिघांनी एकत्र बसून करायची आणि तिच्यावर तिघांच्या सह्या घ्यायच्या. आमच्या मते त्या यादीत दोनच गोष्टी असाव्यात: किती सेशन झाली आणि सुरुवातीला तिघांनी मान्य केलेली उद्दिष्टे. प्रगतीबद्दल बोलायचे तर कर्मचाऱ्याने स्वतः बोलावे, कोच शेजारी बसेल. ‘तो राजीनामा देणार आहे का हो?’ असा फोन आलाच, तर उत्तर एवढेच: ‘हे मला सांगता येणार नाही, त्यांनाच विचारा.’ आणि खरे उत्तर ‘नाही’ असले, तरीही हेच सांगायचे. एरवी ‘नाही, देणार नाही’ असे सांगणारा कोच एके दिवशी गप्प बसला, की त्या गप्प बसण्याचा अर्थ लगेच लागतो.

रात्री अकराचा ‘फक्त एक मिनिट’ हा व्हॉट्सॲप मेसेजही करारात बसवावा लागतो: मेसेजला उत्तर किती तासांत, कोणत्या विषयावर, आठवड्यातून किती वेळा. एकदा रात्री उत्तर दिले की तो क्लायंटचा हक्क होतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

कोच हा मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. झोप उडाली आहे, कशातच मन लागत नाही, असे दोन आठवडे चालले असेल, तर ध्येयांची चर्चा बाजूला ठेवून क्लायंटला डॉक्टरकडे जायला सांगावे. जीव द्यावासा वाटतो असे कोणी बोलले, तर त्याच क्षणी मदत गाठावी, पुढच्या सेशनची वाट पाहू नये. अशा वेळी कोणाला फोन करायचा, तो नंबर पहिल्या दिवशीच घेऊन ठेवावा.

शेवटचे कलम थांबण्याचे. दोघांपैकी कोणालाही कारण न देता थांबता यावे. पुढचे पॅकेज घेण्याचा विषय क्लायंटचे मन भरून आलेले असताना काढू नये; दोन-तीन दिवसांनी, लेखी विचारावे. क्लायंटचा अभिप्राय जाहिरातीत वापरायचा असेल, तर काम संपल्यावर वेगळी परवानगी घ्यावी. टिपणे कोणत्या तारखेला नष्ट होणार, ती तारीख करारात असावी आणि त्या दिवशी ‘नष्ट केली’ असा एका ओळीचा निरोप क्लायंटला जावा.

आपले,
वैयक्तिक कोचिंगच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक