आशाताई, भाऊ घरी आलाय तो तुमच्यामुळे

ताई, तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की "अहो त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही पुढच्या घराकडे निघता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, रागावू नका.

त्या पहाटे धाकट्याच्या पोटात कळा सुरू झाल्या, उलटी झाली, आम्हाला सगळ्यांना वाटलं रात्रीची भजी बाधली. कुणी ओवा दिला कुणी सोडा. अंगावर खूण नाही, सूज नाही, साप तर कुणी बघितलाच नव्हता. तुम्ही शेजारून आवाज ऐकून आलात आणि पहिलं काय विचारलंत, तर रात्री झोपला कुठे होता? खाली, पडवीत, गोधडीवर. मग त्याला म्हणालात वर बघ, तर त्याचं कपाळ आकसत होतं पण पापण्या काही वर जाईनात. "मण्यार असणार, 108 ला फोन लावा," एवढंच बोललात आणि कामाला लागलात.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं तुम्ही काय ओळखलंत ते. घोणस किंवा फुरसं चावलं तर दुखतं, सुजतं, रक्त थांबत नाही, नाग चावला तरी सूज दिसते. मण्यारीचे दात एवढे बारीक की झोपेतल्या माणसाला चावा कळतच नाही, आणि ती फिरते पण रात्रीचीच. विष नसांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या टोकांवर बसतं, आधी बऱ्याचदा पोटदुखी, मग पापण्या जड, मग गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, रक्तात फिरणारं विष पकडतं पण नसांची बिघडलेली टोकं लगेच नीट करू शकत नाही, ती शरीरालाच दुरुस्त करावी लागतात, त्यामुळे तुम्ही वाचवलेली प्रत्येक मिनिट कामाला आली.

आणि ते कडुलिंबाच्या पाल्याचं! पाला चावून बघू दे, कडू लागला म्हणजे विष नाही, आधी देवळात नेऊ, असं घरातलेच मोठे म्हणत होते, त्यांचं पण प्रेमच हो. तुम्ही कुणाचा अपमान केला नाहीत, "पाला कडू लागला तरी विष असू शकतं, देवाला इथूनच हात जोडा" म्हणालात आणि कुणी दोरी आवळायला, ब्लेड लावायला पुढे यायच्या आत त्याची अंगठी काढलीत, त्याला कुशीवर झोपवलंत म्हणजे लाळ-उलटी श्वासनळीत जाणार नाही, पाणी देऊ दिलं नाहीत, गाडीपर्यंत चालू दिलं नाहीत, आम्ही उचलूनच नेला. चाव्याची जागा सापडली असती तर फ्रॅक्चरसारखी फळी बांधून हात-पाय हलणार नाही असं केलं असतं, हे पण तेव्हाच सांगितलंत. आणि मधेच पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन, एएसव्ही आहे ना, डॉक्टर आहेत ना.

पीएचसीत सलाईनमधून एएसव्हीच्या 10 बाटल्या गेल्या, रिअॅक्शन आली तर म्हणून अॅड्रेनॅलिन भरून शेजारी ठेवलं होतं. पुढे जिल्ह्याच्या दवाखान्यात नेताना श्वास कमी पडायला लागला तेव्हा 108 च्या डॉक्टरांनी पूर्ण रस्ता अॅम्ब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबली, हाताला विश्रांती नाही, त्यांचे आणि व्हेंटिलेटरवर त्याला सांभाळणाऱ्या सिस्टर लोकांचे पण मनापासून आभार. पण ताई, तुम्ही नसता तर आम्ही गॅसची गोळी देऊन त्याला परत झोपवला असता.

नंतर वाचलं की 2000 ते 2019 या काळात आपल्या देशात अंदाजे 12 लाख माणसं सर्पदंशाने गेली, जास्त करून खेड्यातली. त्यातल्या किती जणांना भजी बाधली असं वाटलं असेल, हे डोक्यातून जात नाही.

आता घरात सगळे कॉटवर, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली, आई रोज रात्री स्वतः तपासते. आणि एक मागणं आहे. पाऊस सुरू व्हायच्या आधी शाळेत एकदा हे सगळं बोलाल का, पापण्या कशा बघायच्या ते पोरांना दाखवून? माणसं गोळा करणं, माईक, चहा सगळं आमच्याकडे, धाकटा पण येतो म्हणालाय. तुम्ही फक्त तारीख सांगा.