खिडक्या लावल्या, पण घरातल्या हवेचे काय?

महोदय,

प्रदूषणाच्या बातम्या वाचून आपण खिडक्या घट्ट लावून घेतो. पण घरातच तयार होणाऱ्या धुराने जायचे कुठे? गॅसची निळी ज्योत दिसायला स्वच्छ, तरी तिच्यातून नायट्रोजन डायऑक्साइड हा श्वसनाला त्रासदायक वायू बाहेर पडतोच. शिवाय तळण्या-परतण्यातले सूक्ष्म कण असतात ते वेगळेच. म्हणून एक्झॉस्ट पंखा ठसका लागल्यावर नव्हे, शेगडी पेटवतानाच लावावा आणि स्वयंपाक आटोपल्यावरही थोडा वेळ चालू ठेवावा. चिमणीचा पाइप घराबाहेर काढलेला नसेल, तर जाळीत तेलकटपणा अडकतो आणि वायू बहुतांशी परत स्वयंपाकघरातच येतात. विकणारे हे सहसा सांगत नाहीत.

नव्या कपाटाच्या डोळे चुरचुरवणाऱ्या वासात प्लायवुडच्या गोंदातले फॉर्मल्डिहाइड नावाचे त्रासदायक रसायन असू शकते. त्यावर रूम फ्रेशनर मारणे म्हणजे रसायनात रसायन! काही दिवस कपाटाची दारे आणि खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. भिंतीवरच्या बुरशीवरही नुसता रंग फासून भागत नाही. आधी गळती शोधायची, रंगाचे नंतर बघू.

कुंड्यांनी हवा शुद्ध होते, असे सांगताना नासाच्या १९८९ च्या प्रयोगाचा दाखला दिला जातो. तो प्रयोग बंद पेट्यांमधला होता. घरात तसा परिणाम हवा तर जंगलच उभारावे लागेल. एअर प्युरिफायर घ्यायचाच तर हेपा फिल्टरचा (अतिसूक्ष्म कण अडकवणाऱ्या दाट गाळणीचा) घ्यावा, मात्र तो धूलिकण पकडतो, वायू नाही. फुप्फुसांना त्रासदायक असा ओझोन वायू सोडणारी यंत्रे तर फुकट मिळाली तरी नकोत.

– एक वाचक