सही न दिल्याबद्दल

ती. काकीस,
सा. नमस्कार.

वाडीची वरची राई वाचवलीस, त्याचे आभार मानायला पत्र कशाला, फोन कर की, असं तू म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? 'जेवलास का' आणि 'पोरं बरी ना' एवढं झालं की फोन ठेवून मोकळी. शिवाय हे पत्र मी मुद्दाम उघडं ठेवतोय. वाडीतल्यांनी वाचावं, वाडीच्या मुंबई मंडळातल्यांनी वाचावं, आणि चिपळूणच्या बाजारपेठेतल्या माझ्या शेजाऱ्यांनी तर नक्कीच.

२२ जुलै २०२१. रात्रभर पाऊस कोसळत होता, त्यात खाडीला भरती. वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही अंगांनी बाजारपेठेत शिरल्या. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात पाणी माळ्याला लागलं. ओसरल्यावर शटर उघडलं तर आत गुडघाभर लाल चिखल. फावड्यानं ओढून रस्त्यावर टाकला. हा चिखल आला कुठून, एवढा साधा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

डिसेंबरात चिपळूण बचाव समितीनं साखळी उपोषण मांडलं. मागणी एकच, दोन्ही नद्यांतला गाळ काढा. मीही दोन दिवस जाऊन बसलो. पुढे जलसंपदा खात्याची यंत्रं आली, नाम फाउंडेशनची आली, गाळाचे डोंगर निघाले. चहाच्या टपरीवर बोलणं तेच. कोणी कोयनेच्या अवजलावर, म्हणजे वीज करून वाशिष्ठीत सोडलेल्या पाण्यावर बोट ठेवी, कोणी नकाशावरच्या पूररेषांवर. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. आपलं घर कुठल्या रेषेत सापडलं, यावरून माणसं हमरीतुमरीवर येत. खोटं नाही, ज्याचं घर त्या रेषेत गेलं त्याची झोप उडतेच. पण मान वर करून डोंगराकडे बघणारे थोडे.

मी तर बघणारच नव्हतो. मी ऑक्टोबरातच सही करून बसलो होतो.

हे मंडळातल्या अनेकांना आज पहिल्यांदा कळेल. वरच्या राईचा सातबारा सामाईक, हिस्सेदार २३. लाकडाचा ठेकेदार दुकानात आला, गोड बोलला, चार हजार पुढे केले. मशीन भिजून बंद पडलेलं, घरात पैसा नाही. मी राई तोडायच्या संमतीपत्रावर सही ठोकली. वर कडी म्हणजे मशीन दुरुस्त झाल्यावर बाकीच्या २२ जणांसाठी त्याच कागदाच्या प्रती मीच काढून दिल्या. त्याचेही पैसे घेतले.

आणि मग एका दुपारी एसटीनं तू आलीस. हातात कापडी पिशवी, तिच्यात घावणे. मला वाटलं, पुरानंतर विचारपूस करायला आलीस. तू खाली वाकलीस, शटरच्या खोबणीत वाळून बसलेला चिखलाचा खडा नखानं उचकटलास आणि माझ्या काउंटरवर ठेवलास. "ही पलीकडच्या गावच्या डोंगराची माती. गेल्या साली त्यांनी तो बोडका केला, जेसीबी लावून काजूसाठी पायऱ्या पाडल्या. पुढल्या वेळी आपली येईल," म्हणालीस. मग घावणे खायला लावलेस. सहीचा विषय काढलाच नाहीस, आणि तेच मला जास्त लागलं. तिसऱ्या दिवशी मी चार हजार परत करून आलो.

बाकीच्यांनी सही देऊ नये म्हणून तू जे केलंस ते मी तुझ्या ओटीवर बसून पाहिलंय, म्हणून लिहितो. रबरबँड लावलेला बटणांचा मोबाइल आणि नातवाची अर्धी कोरी वही. वहीत पेन्सिलीनं लिहिलेली नावं अशी, की सातबाऱ्यावर शोधून सापडायची नाहीत: 'दिव्याचा बाळ्या', 'नालासोपारा थोरला', 'दुबईवाला'. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की दोन फोन. तिसरा नाही.

'नदी वाचवा' हे दोन शब्द मी तुझ्या तोंडून एकदाही ऐकले नाहीत. बाळ्याला तू चढणीच्या माशांची आठवण दिलीस. पहिल्या पावसात पऱ्यातून, म्हणजे वाडीच्या ओढ्यातून, वर चढणारे ते मासे धरायला तो लहानपणी कंदील घेऊन पळायचा. पऱ्या गाळानं भरला तर मासा चढेल कुठून, एवढंच विचारलंस. थोरल्याला म्हणालीस, बापाचं दहावं ज्या कोंडीवर केलंस ती बुजलेली बघवेल का? दुबईवाल्याला पैशाचं पडलं नव्हतं, त्याला त्या डोंगरात नुसतं रान दिसत होतं. त्याला तू विहिरीचं गणित सांगितलंस. वर जांभा, त्यात पावसाचं पाणी मुरतं, खाली चिकण थर लागला की झरा होऊन बाहेर पडतं, आणि त्याच झऱ्यावर वाडीची विहीर जगते. ऐन-किंजळ तुटले की पाणी मुरायला थांबत नाही, माती घेऊन धावत सुटतं. पुढे पऱ्या, मग वाशिष्ठी, मग माझं दुकान. भूगोलाच्या मास्तरांनी मला हे कधी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

एकानं इसार घेऊन खर्चूनही टाकला होता. त्याच्यासाठी तू शिमग्याला सहाणेवर, पालखी बसलेली असताना, पदर पसरलास. मानकऱ्यांना ते आवडलं नाही, मला माहीत आहे. "बायकांनी इथं बोलायचं नसतं," असं एक जण पुटपुटलाही. पण पैसे जमले, इसार परत गेला. आणि पुटपुटणाऱ्यानं शंभराची नोट टाकली, तीही मी पाहिली.

राई उभी राहिली. मग मंडळाला जोर आला. दसऱ्यानंतर पाऊस थांबला आणि पऱ्याची धार बारीक झाली, तेव्हा वनराई बंधारा घालायचं ठरलं. बांधकामांवरून सिमेंटची रिकामी पोती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. चिपळुणात पुरानंतर दुरुस्त्या सगळीकडे चालू, पोत्यांना तोटा नव्हता. पोरांनी माती भरली, बायकांनी तोंडं शिवली, विटांसारखा सांधा मोडत थर लावले, फटींत चिखल लिंपला. मुंबईकर आले ते सेल्फी काढायला, असं आपण हसलो. पण त्यातले चौघे अंधार पडेपर्यंत गुडघाभर पाण्यात होते.

यंदा पऱ्या होळीपर्यंत वाहता होता. त्यात राईचं किती, बंधाऱ्याचं किती आणि लांबलेल्या पावसाचं किती, ते मला सांगता येणार नाही. तुझं किती ते मात्र येतं. तू गर्दी जमवली नाहीस, एकेक माणूस धरलास. मला धरलंस तेव्हा मी दुसऱ्या बाजूला होतो, आणि चारचौघांत त्याचा उच्चार तू आजवर केला नाहीस. त्याचेही आभार.

दिवाळीनंतरच्या रविवारी टेम्पोतून पोती घेऊन येतो. मागच्या खेपेला भोकं पडलेली निघाली म्हणून तू ओरडली होतीस, या वेळी एकेक उजेडात धरून बघितलंय. सुतळी आणतो. आणि दाभण शोधत बसू नकोस. तुझा दाभण गेल्या वर्षी माझ्याच खिशातून चिपळूणला आलाय.

तुझा,
झेरॉक्सवाला