बिडाची पन्हळ: काकांना आभाराचं पत्र

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

परवा रात्री अकराच्या सुमाराला पाऊस लागला. मी रेनकोट चढवला, टॉर्च घेतला आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणे बाहेर जाऊन उभी राहिले. वळचणीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत टॉर्च फिरवला. भिंतीवर एक थेंब नाही. सगळं पाणी पन्हळीतून डावीकडे जात होतं आणि पाइपातून खाली जाळीवर पडत होतं. आत आले, नवऱ्याला उठवलं आणि म्हटलं, काकांना पत्र लिहायचं. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे गं" म्हणता आणि भारत-इंग्लंड सामन्यावर जाता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. शिवाय इकडे जुनी घरं घेणारी आपली मंडळी वाढताहेत. आम्ही करायच्या बेतात होतो ती चूक त्यांच्या हातून तरी होऊ नये.

त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमचं घर इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यात, ब्रोझली गावात आहे. साधारण १८४० च्या सुमाराचं, दोन खोल्या खाली, दोन वर. भिंती नऊ इंची भरीव विटांच्या, मधे पोकळी नाही. छपरावर इथलीच भाजकी कौलं. हे गाव एके काळी कौलांसाठी आणि मातीच्या चिलमींसाठी नावाजलेलं होतं. आणि वळचणीखाली, भिंत संपते तिथे, एक आड एक वीट पुढे काढून केलेली दातेरी रांग. घर बघायला आलो तेव्हा मला सगळ्यात आधी ती रांग आवडली होती.

आधीच्या मालकांनी कधीतरी पांढरी प्लास्टिकची पन्हळ बसवलेली होती. पहिल्या हिवाळ्यातच वरच्या खोलीच्या कोपऱ्यात गिलावा फुगला आणि बाहेर भिंतीवर हिरवा ओघळ उतरला. एका कंत्राटदाराने येऊन पंधरा मिनिटांत उपाय सांगितला: दातेरी विटांवर आडवी फळी ठोकायची, त्यावर सहा इंची नवी प्लास्टिकची पन्हळ, आणि ओल थांबवायला भिंतीत केमिकलचं इंजेक्शन. आम्ही जवळजवळ होकार दिला होता. मी कोकणातली. पन्हळ जितकी मोठी तितकी बरी, हेच माझ्या डोक्यात. आमच्या चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, इथे सातशेच्या आसपास. मला वाटलं, एवढ्याशा पावसाला सहा इंची म्हणजे चिंताच मिटली.

मग गणपतीत झालेल्या ओळखीवर तुम्हाला फोन केला. उभी हयात बर्मिंगहॅमकडे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत गेलेला माणूस, सत्तरी ओलांडलेला. तुम्ही एवढंच विचारलंत, "तुमच्याकडे पाऊस कधी आहे?" मी म्हटलं, गुरुवारी दिवसभर सांगितलाय. "मग गुरुवारी येतो." नोव्हेंबरातला गुरुवार. दोन बस बदलून तुम्ही आलात. चहाही न घेता छत्री उघडून अर्धा तास भिंतीकडे बघत राहिलात. तसं कुणी आमच्या घराकडे तोवर पाहिलंच नव्हतं.

खिशातून दाढीचा छोटा आरसा काढलात, तो पाइप आणि भिंत यांच्या फटीत सरकवलात आणि मला म्हणालात, "बघ." आरशात पाइपाची मागची बाजू दिसली. तिथल्या जोडातून पाणी झिरपत होतं आणि थेट विटांच्या सांध्यात जात होतं. समोरून तो पाइप धडधाकट दिसायचा. वर पन्हळीच्या दोन जोडांतूनही थेंब गळत होते. प्लास्टिक ऊन-थंडीत किती फुगतं-आकसतं ते तुम्ही तिथेच सांगितलंत: चार मीटरचा तुकडा तीस अंशांच्या फरकाला सात-आठ मिलीमीटर हलतो, बीड, म्हणजे ओतीव लोखंड, त्याच्या सहाव्या हिश्श्याइतकंच. जोड सरकतात, रबर सुकतं. उन्हाच्या दिवसात आमच्या छताशी टकटक वाजायचं त्याचा उलगडा तेव्हा झाला.

आणि पावसाचं गणितही उलटं निघालं. आपल्याकडे चार महिने कोसळतो आणि मग भिंती आठ महिने तापतात. इथे वर्षभर रिपरिप, भिंतीला वाळायला सवडच मिळत नाही. त्यातून कुणीतरी सांधे सिमेंटने भरलेले, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर पडायची वाटही बंद. "ओल भिंतीची नाही, पन्हळीची आहे. आधी वरचं पाणी थांबव, चुन्याने सांधे भर, मग भिंतीला एक वर्ष दे." इंजेक्शनचा खर्च त्या एका वाक्याने वाचला.

पन्हळ कुठली घ्यायची याचं उत्तर तुम्ही कॅटलॉगात शोधलं नाहीत, घरालाच विचारलंत. शिडीवर मला चढवलंत (तुमचा गुडघा तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलात). दातेरी रांगेच्या खाली, विटांच्या सांध्यात, गंजलेल्या लोखंडाचे बोटभर खुंट राहिलेले होते. रंगाखाली ते मला दोन वर्षांत दिसले नव्हते. टेप लावायला सांगितलंत: पहिल्यापासून दुसरा तीन फूट, तिसरा आणखी तीन फूट. बिडाच्या पन्हळीचा तुकडा सहा फुटी असतो, प्रत्येकाला दोन आधार, म्हणून तीन-तीन फूट. म्हणजे इथे फळी कधी नव्हतीच. भिंतीत ठोकलेल्या खुंट्यांवर बिडाची पन्हळ होती आणि दातेरी रांग उघडी होती. मागे कोळशाच्या खोपटावर त्याच पन्हळीचा हातभर तुकडा अजून लटकत होता. साधी अर्धगोल, चार इंची. तुम्ही ओल्या फडक्याने आणि बोथट सुरीने त्याचा एक कोपरा खरवडलात. कोरडा घासू नको, खालच्या थरांत शिसं असतं, हे दोनदा बजावलंत. वरून काळा, मग हिरवा, सगळ्यात खाली चॉकलेटी, आणि त्याखाली शेंदरी. शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड आणि इथे लोखंडाला पहिला हात त्याचाच देत, हे मला तेव्हा कळलं. आमच्या गावच्या मारुतीचा रंग या खोपटाच्या पन्हळीवर निघाला! मी तो तुकडा जपून ठेवला आहे.

मापाचं गणित तुम्ही बिलाच्या पाकिटामागे केलंत. ते पाकीट मी फ्रीजवर लावलं आहे, म्हणून आकडे तोंडपाठ आहेत. पुढची बाजू सात मीटर लांब, छपराची आडवी रुंदी दोन पूर्णांक सहा मीटर, म्हणजे अठरा चौरस मीटरच्या वर थोडं. छपराचा उतार ४५ अंश, म्हणून दीडपट, सत्तावीस. इथल्या इमारत नियमावलीच्या 'एच' भागाप्रमाणे एका टोकाला पाइप असलेली १०० मिलीमीटरची अर्धगोल पन्हळ ३७ चौरस मीटरला पुरते. चार इंची पुरेशी होती, १८४० च्या गवंड्याला ते माहीत होतं. सहा इंची पन्हळ त्या ठेंगण्या घराच्या कपाळावर ओंडक्यासारखी दिसली असती.

नक्षीदार, एस आकाराच्या ओजी पन्हळीचा मोह मला झाला होता, हे मान्य करते. चित्रात ती फार देखणी दिसते. तुम्ही समजावलंत की तिची पाठ सपाट असते, ती फळीला टेकून बसते, आणि शहरातल्या बड्या घरांना शोभते. अॅल्युमिनियमचंही तुम्ही मोकळेपणाने सांगितलंत. ओतीव असेल तर ते हलकं, रंगाला कमी कटकटीचं, आणि घरामागे असलेल्या १९७० च्या दशकातल्या स्वयंपाकघरावर खुशाल घाल. मात्र अखंड लांबीचं दाबून काढलेलं पुढे घालू नको, कारण बिडाला दर सहा फुटांवर जोडाचं कडं येतं आणि त्या कड्याची सावली दातेरी विटांशी जुळते. आज संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती सावली पडते तेव्हा मला तुमचं बोट दिसतं, हवेत कड्यांची जागा दाखवणारं.

आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी मी जन्मभर ऋणी राहीन. घर ग्रेड टू यादीतलं, म्हणजे जतनासाठी सरकारी यादीत नोंदलेलं आहे, हे आम्हाला खरेदीखतावरून ठाऊक होतं, पण त्याचा पन्हळीशी संबंध असेल असं वाटलं नव्हतं. कंत्राटदारही बोलला नव्हता. अशा घराचं रूप बदलणारं काम परवानगीशिवाय करणं हा १९९० च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे. दातेरी रांगेवर फळी ठोकली असती तर आम्ही परक्या देशात नकळत गुन्हेगार झालो असतो. तुम्ही कौन्सिलच्या अधिकाऱ्यांना लिहायला लावलंत, खुंटांचे आणि जुन्या तुकड्याचे फोटो जोडायला लावलेत. अर्जाला फी नाही, आठ आठवड्यांची मुदत. त्या बाई स्वतः येऊन बघून गेल्या, चॉकलेटी रंगालाही हो म्हणाल्या.

काम मे महिन्यात केलं, कारण चुन्याला गोठण चालत नाही. बिडाचं काम जाणणारा लोहारकामाचा माणूस तुम्हीच शोधून दिलात आणि दोन दिवस खुर्ची टाकून अंगणात बसलात. खुंट्या जुन्याच सांध्यांत गेल्या, एकही वीट फोडावी लागली नाही. खुंटीला उभी आटेदार सळई, तिच्यावर नट, नट फिरवला की पन्हळ केसभर वर-खाली. दोरी ताणून ढाळ धरला, सात मीटरला पंधरा मिलीमीटर. मी म्हटलं, जास्त ढाळ दिला तर पाणी लवकर जाईल ना? तुम्ही मला रस्त्यापलीकडे नेऊन उभं केलंत. तिथून त्या दातेरी रांगेखाली जरा जरी तिरपं झालं तरी डोळ्याला खुपतं, आणि खालच्या टोकाला कौलाचं पाणी पन्हळ ओलांडून जातं. पाइप भिंतीपासून इंचभर पुढे घेतलात, मागून रंगाचा ब्रश फिरावा म्हणून.

खर्च प्लास्टिकच्या तिपटीहून जास्त आला, लपवत नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "गटारासाठी एवढे पैसे?" मी म्हटलं, अगं गटार नव्हे, पन्हळ. मग ती पाच मिनिटं आमच्या जुन्या घराच्या मागीलदारच्या पोफळीच्या पन्हळीबद्दलच बोलत राहिली, तिच्याखाली आजी घंगाळ ठेवायची, त्याबद्दल. आमच्याकडे ती पन्हळ कधी गेली, कुणी प्लास्टिकची लावली, मला आठवतही नाही.

नदीपलीकडे दोन-तीन मैलांवर कोलब्रुकडेल आहे. १७०९ साली अब्राहम डार्बीने दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड वितळवलं ते तिथे, आणि १७७९ सालचा बिडाचा पूल आम्ही दर रविवारी ओलांडतो. त्या पुलाचं कौतुक करून घराला प्लास्टिक लावायला आम्ही निघालो होतो. हे तुम्ही एकदाही बोलून दाखवलं नाहीत.

वरच्या कोपऱ्यातला गिलावा आता कोरडा आहे. वर्ष पूर्ण होईपर्यंत रंग द्यायचा नाही, हे लक्षात आहे. विल्यम मॉरिसने १८७७ साली काढलेल्या जुन्या इमारतींच्या संस्थेचं पत्रकही वाचलं. नोव्हेंबरात एक दिवस खास पन्हळींचा, हे वाचून आईलाही सांगितलं. समोरच्या झाडाची पानं गळायला लागली आहेत. ती पुरती गळली की पन्हळ साफ करायला काढू, शिडीवर मी, खाली नवरा. तुम्ही खुर्चीत बसायचं, थालीपीठ आणि लोणी तिथेच आणून देईन.

आणि तुमचा दाढीचा आरसा आमच्याकडे राहिला आहे. खिडकीत ठेवला आहे. त्या दिवशी घेऊन जा, किंवा आणखी एक हिवाळा राहू द्या.

तुमची,
ब्रोझलीची लेक